माणसं बसायची गाडी

टिपणीसांनी दाराशी बूट काढले, बुटांबरोबर पायमोजेही काढले, आणि मग खिशातून दुसरे पांढरेशुभ्र मोजे काढून ते हातांत चढवले. आईने माझ्याकडे पाहिलं.

"पोहे चमच्याने खाणार ना?" तिने त्यांना विचारलं. "नाही, आमच्याकडे पाहुणे हात धुऊन बसतात. मोजे धुऊन वाळायला वेळ लागेल."

"काकू, आधी गाड्या पाहतो. पोहे नंतर. तेलाचा हात लागला तर संपलंच."

"काय संपलं?"

"सगळं."

"मग आधी पोहेच खा," आई म्हणाली आणि आत गेली.

हेरंब टिपणीस पुण्याहून आमच्या कऱ्हाडच्या घरी आले होते. पन्नाशीचे, नीटनेटके, शर्टाची इस्त्री प्रवासातही न मोडलेले. बाबांच्या फोनमध्ये त्यांचं नाव 'टिपणीस पुणे गाड्या' असं होतं. गाड्या म्हणजे खेळण्यातल्या आगगाड्या. जर्मनीत बनलेल्या, अगदी हुबेहूब. इंजिन वीतभर आणि रुळांमधलं अंतर बोटभर. मुलांच्या हाती द्यायच्या नाहीतच. मोठ्या माणसांनी मोठी किंमत मोजून घ्यायच्या आणि कपाटात ठेवायच्या. बाबांनी तीस वर्षं हेच केलं होतं. बाबांना जाऊन चार महिने झाले होते, आणि टिपणीसांना मी बोलावलं होतं. आईला विचारून नव्हे, सांगून.

"कशाला उगाच?" ती म्हणाली होती. "राहू दे की कपाटात. खायला मागतात का काही?"

हे ऐकून मी चकितच झाले होते. कारण त्या कपाटावरून आईने बाबांना जेवढं ऐकवलं तेवढं कोणी कोणाला ऐकवलं नसेल. बाबा वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानात जाऊन तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे, कोणी शिक्का हलवलेला असला की पकडायचे. पगार बेताचा, वरकमाई शून्य. एक इंजिन आलं की घरातली एक वस्तू लांबायची. गल्लीत सगळ्यांत शेवटी फ्रिज आला तो आमच्याकडे. स्कूटर आलीच नाही. बाबा सायकलवरच निवृत्त झाले. आईच्या पाटल्या दर दिवाळीला 'पुढच्या दिवाळीला' गेल्या. "लोकांचे नवरे दारू पितात," आई म्हणायची, "ती निदान संपते तरी!" बाबा चष्मा पुसायचे. नवीन खोकं कपाटात ठेवून दार लावायचे आणि म्हणायचे, "उघडायचं नाही हं कोणी. उघडलं की भाव गेला."

तेराव्याला आमचे अण्णाकाका जेवून उठताना म्हणाले, "दिगू माणूस सोन्यासारखा. पण सोनं काही घरात आणलं नाही त्याने. खेळणी आणली." चारजण हसले. आई काहीच बोलली नाही. तिने एक टोमणा त्यात घातला असता तरी मला चाललं असतं, कारण तो तिचा हक्क होता. पण ती गप्प बसली, आणि मला वाटलं, बाबांची बाजू कोणाकडेच नाही.

म्हणून मला एक आकडा हवा होता. बाहेरच्या, जाणत्या माणसाने आईसमोर मोठ्याने म्हटलेला. तो ऐकून आईने एकदा म्हणावं, "अगंबाई, असं होतं तर!" एवढंच. गाड्या विकायच्या की ठेवायच्या हे पुढचं पुढे.

हे सगळं आई असताना लिहिलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं. गेल्या वर्षी तीही गेली.

पोहे झाले. आईने दुसऱ्यांदा वाढले. मग चहा आणला. मग म्हणाली, "लाडू देऊ?"

"काकू, खरंच नको."

"डिंकाचा आहे."

"आई," मी म्हटलं, "त्यांना परत पुण्याला जायचंय."

"मग जाऊ देत की. मी काय धरून ठेवलंय?"

टिपणीस उठले, हात धुतले, नवे मोजे घातले, कारण चहाच्या कपाला लागलेले जुने आता चालणार नव्हते, आणि मी कपाट उघडलं.

आत पस्तीसेक खोकी एकावर एक रचलेली होती. प्रत्येकाच्या झाकणावर कंपनीची अरुंद कागदी पट्टी चिकटवलेली. टिपणीस काही क्षण नुसते उभे राहिले. देवळात चप्पल काढल्यावर माणूस उभा राहतो तसे.

"सगळी पट्टीसकट," ते हळूच म्हणाले. "ताई, तुम्हाला कल्पना आहे का?"

"नाही ना," मी म्हटलं. "जरा समजावून सांगा. मोठ्याने सांगा, आईलाही ऐकू येऊ दे."

"मला ऐकू येतं," आई म्हणाली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"ही पट्टी फाटलेली नसली," टिपणीस म्हणाले, "की त्याचा अर्थ आतली गाडी कारखान्यातून निघाल्यापासून कोणी पाहिलेलीसुद्धा नाही. अशा खोक्याला जो भाव येतो तो गाडीचा नसतो, न पाहिल्याचा असतो."

"म्हणजे न बघण्याचे पैसे?" आई म्हणाली.

"बरोबर!"

"मग आंधळ्याने का घेऊ नये?"

टिपणीसांना हे ऐकू आलं नसावं. ते खोकी एकेक करून काढत होते, अंगावर लिहिलेली सालं वाचत ओळीने दिवाणावर मांडत होते. आई त्यांच्या मागे मागे.

"ते जरा जपून हं. ते नका काढू, ते तळाशीच असतं. अहो, एवढं जवळून नका बघू, यांना आवडायचं नाही ते."

मला वाईट वाटलं. वाटलं, मी घाई केली. चार महिने म्हणजे काहीच नव्हेत.

"गंमत आहे," टिपणीस म्हणाले. ओळ मांडून झाली होती. "ही पहिली दहा-बारा बघा. सगळी काळी, मालगाडीची इंजिनं. एकाच काळातली, एकाच कारखान्यातली. याला म्हणतात संग्रह. शिस्त आहे, अभ्यास आहे. आणि मग इथे," त्यांनी एका खोक्यावर बोट ठेवलं, "इथे अचानक हे. हिरवं छोटं इंजिन. मग खिडक्यांत दिवे लागणारे प्रवासी डबे. मग जेवणाचा डबा, आत टेबलांवर लाल दिवे. मग बर्फ उडवणारी गाडी! एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. शेवडेसाहेबांचं इथे काय बिनसलं?"

"त्यांचं कधीच काही बिनसलं नाही," आई तडकून म्हणाली.

"तसं नाही काकू. म्हणजे संग्रह म्हणून—"

"किंमत सांगा," मी मध्ये पडले. "सगळं धरून. अंदाजे."

टिपणीसांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही बेरजा केल्या आणि डोळे उघडले.

"नवी मोटार येईल," ते म्हणाले. "छोटी नव्हे. चांगली."

मी आईकडे पाहिलं. याच क्षणासाठी सगळा खटाटोप होता. तिने म्हणायला हवं होतं, अगंबाई. पण तिचा चेहरा उतरला होता. तिने पदर कमरेला खोचला, सोडला, परत खोचला.

"चहा ठेवते," ती म्हणाली.

"आत्ता तर झाला!"

"अर्धा अर्धा."

ती आत गेली. टिपणीसांनी खिशातून भिंग काढलं आणि ते हिरव्या इंजिनाच्या खोक्यावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग दुसरं खोकं घेतलं. मग तिसरं. मग मोजा काढला आणि उघडं बोट पट्टीवरून फिरवलं. ज्या अर्थी मोजा काढला त्या अर्थी काहीतरी भयंकर घडलं आहे हे मला कळलं.

"ताई, इकडे या. हे कडेला कुरतडलेलं दिसतंय?"

"हो. काय आहे?"

"कसर."

"जुन्या कागदाला लागतेच की कसर."

"कागदाला लागते. पण या कंपनीच्या डिंकाला नाही लागत. माझ्याकडे एकशेचाळीस खोकी आहेत, एकाही पट्टीला नाही लागलेली. इथे कसरीने कागद सोडलाय आणि नेमका डिंक खाल्लाय. बोटं चाटून खाल्लाय." त्यांनी नखाने थोडी पापडी खरवडली, नाकाशी नेली, दिव्यापाशी नेली. त्यांचा आवाज घसरला. "ही पट्टी सोडवून परत चिकटवलेली आहे. आणि हा डिंक नाहीच. ही... ही कणीक आहे?"

"मैदा," आई दारातून म्हणाली. "कणकेची खळ पिवळी दिसते."

तिच्या हातात चहाचा ट्रे होता. बोलून गेल्यावर तिला कळलं. तिने ट्रे अत्यंत सावकाश टेबलावर ठेवला, जणू तो हळू ठेवला तर ते वाक्य परत आत जाईल.

तिने कप बशीत सरळ केला.

"थोडं मोरचूद घालायला हवं होतं," ती आणखी हळू म्हणाली. "कसर लागली नसती. पण घरात विष कुठे ठेवा."

"आई," मी म्हटलं, "तू बाबांची खोकी उघडलीस?"

"सगळी नाही."

टिपणीसांनी आशेने मान वर केली. "किती राहिली?"

आईने ओळीवरून नजर फिरवली. "उघडली तशी सगळीच," ती म्हणाली.

टिपणीस दिवाणाच्या कडेला बसले. मग त्यांनी एक खोकं उघडलं. आता हरकत नव्हती. आतलं हिरवं इंजिन उलटं करून चाकं पाहिली, आणि डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतात तसं माझ्याकडे पाहिलं. "नुसतं उघडलेलं नाही. चालवलंय. खूप चालवलंय. चाकांवरचा मुलामा गेलाय." त्यांनी इंजिन सुलटं केलं. "मोटार नाही येणार, ताई. जुनी स्कूटर येईल."

आणि मला राग आला. इतका की माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"बाबांनी ही सांभाळली होती, आई! तीस वर्षं! सायकल चालवली त्यांनी यासाठी! उघडायचं नाही, एवढी एकच गोष्ट मागितली माणसाने या घरात. त्यांना कळलं असतं तर काय वाटलं असतं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. ओशाळलेली वगैरे ती आता अजिबात दिसत नव्हती.

"कळलं नव्हतं असं वाटतं तुला?" ती म्हणाली. "अगं, तुझे बाबा रस्त्यावरून जाता जाता सायकलवरून सांगायचे, त्या अमक्याच्या तराजूचं सील हललंय म्हणून. आणि स्वतःच्या कपाटात मैद्याची खळ दिसणार नाही त्यांना?"

हे मला का सुचलं नव्हतं, कोण जाणे.

"थांबा," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. फडताळ उघडल्याचा, डबे सरकवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली ती दोन्ही हातांत पापडाचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन. झाकण काढलं. आत पापड नव्हते. रूळ होते. सरळ, वळणाचे, सांधे बदलायचे. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले. आणि लाल चकती बसवलेली काळी पेटी, गाडीला वीज द्यायची.

"तू पुण्याला कॉलेजला गेलीस," ती खाली बसत म्हणाली, "आणि दुपार संपेना. एक दिवस म्हटलं, बघू तरी माझ्या पाटल्या दिसतात कशा. वाफेवर धरलं, पट्टी सुटली. दिसायला बरं होतं ग. चाकं फिरत होती. मग ओट्यावरून चालवलं, हाताने. इकडून तिकडे. मग चिकटवून ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुसरं."

"आणि रूळ?" टिपणीसांनी विचारलं.

"ते एक दिवस पापडाच्या डब्यामागे आले."

"आले म्हणजे?"

"आले म्हणजे आले. मी डबा काढायला गेले तर मागे रूळ. पेटीची वायर जोडून, पिन लावून तयार. फक्त खटका दाबायचा. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही."

"विचारलं का नाहीस पण?" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर मला पुढे बोलता आलं असतं का त्यांना?" आई म्हणाली. "पाटल्यांचा विषय कायमचा गेला असता. आणि त्यांनी सांगितलं असतं तर त्यांना तुमच्यासारख्यांपुढे बंद खोकी म्हणून मिरवता आलं नसतं. दोघांचंही नुकसान."

टिपणीस हातातल्या हिरव्या इंजिनाकडे पाहत होते. "काकू, हे हिरवं... हे रुळांच्या आधीचं की नंतरचं?"

"नंतरचं पहिलं. मला मालगाडीचा कंटाळा आला होता. सगळी काळी काळी. एकदा जेवताना मी म्हटलं, मेलं आणायचंच आहे घरात काही, तर निदान माणसं बसायची गाडी तरी आणा."

"ते काय म्हणाले?"

"आमटी वाढ म्हणाले."

पहिल्यांदा कोण हसलं ते आता सांगता येणार नाही. बहुतेक मी. 'आमटी वाढ' बाबांच्या आवाजात ऐकू आलं आणि मला हसू फुटलं. मग आई हसायला लागली, तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. टिपणीस आधी सभ्यपणे हसले, मग त्यांना 'मैदा' आठवला असावा. ते दिवाणावर आडवे व्हायचेच बाकी राहिले. "पिवळी दिसते!" ते म्हणत होते आणि डोळे पुसत होते. "कणकेची पिवळी दिसते!"

"मग काय खोटं आहे का?" आई म्हणाली, आणि परत तिघेही.

अर्ध्या तासात आमच्या घराला रेल्वेमार्ग झाला. हॉलमधून, दिवाणाखालून, जेवणाच्या टेबलाच्या पायांमधून स्वयंपाकघरात, ओट्याखाली वळसा आणि परत. आई हुकूम सोडत होती. टिपणीस इस्त्रीच्या पँटीत गुडघ्यांवर रांगत होते. हातमोजे कुठे गेले कोणालाच ठाऊक नव्हतं. हिरवं इंजिन लागलं, मागे चार डबे, शेवटी जेवणाचा डबा. आईने पडदे ओढले, लाल चकती फिरवली. गाडी निघाली तेव्हा खिडक्यांमधले दिवे लागले, आणि तीन शहाणी माणसं जमिनीवर गाल टेकून ते बघत होती.

"वळणावर हळू," आई म्हणाली. "जेवणाचा डबा हलका आहे. उलटतो."

"मला द्या ना एकदा चकती," टिपणीस म्हणाले.

"तुमच्याकडे एकशेचाळीस आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

"कपाटात आहेत, काकू," टिपणीस इतक्या बारीक आवाजात म्हणाले की आईने मुकाट्याने चकती त्यांच्या हातात दिली. त्यांनी वेग वाढवला. आई ओरडली. जेवणाचा डबा ओट्याजवळ उलटला आणि पुढचे दोन घेऊन गेला. शेजारच्या नलूमावशी गॅलरीतून खिडकीशी आल्या. घरात वर्ष झालेलं नाही आणि हा आरडाओरडा कसला, हे त्यांच्या आवाजात स्पष्ट होतं.

"कुमुद, बरं आहे ना ग सगळं?"

"बरं आहे, बरं आहे!" आई ओट्याखालून म्हणाली. "अपघात झालाय. पण कोणी दगावलं नाही!"

नलूमावशी बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. मग गेल्या.

गाडी परत रुळावर चढवताना मी आईला विचारलं, "बाबा कधी बघायला बसले नाहीत?"

"नाही," ती म्हणाली. इंजिनाची चाकं ती रुळांच्या खाचेत बोटांनीच चाचपून बसवत होती, न बघता. "एकदा मात्र ताप होता त्यांना, घरीच होते. आतल्या खोलीत झोपलेले. मला राहवलं नाही. म्हटलं, झोप लागलीये, लावू या. लावली. थोड्या वेळाने समोरच्या भिंतीवर सावली दिसली, मागे दारात उभं राहिल्यासारखी. मी वळले नाही."

"किती वेळ?"

"गाडी थांबवेपर्यंत. मी पुष्कळ वेळ थांबवली नाही."

टिपणीस पलीकडे एक डबा उगाचच पुसत बसले होते.

निघायची वेळ झाली तेव्हा त्यांना रिकाम्या हाताने जाववेना. ते रिकाम्या खोक्यांच्या ढिगाकडे पाहत राहिले. सौदा करायची वेळ आली की प्रत्येक माणसाचा चेहरा व्यापाऱ्याचा होतो, तसा त्यांचा हळूहळू झाला.

"काकू, एक विचारू? ही खोकी... नुसती खोकी... देणार का? पट्टी गेली तरी आतला पुठ्ठा अस्सल आहे. माझ्या ओळखीत कितीतरी जणांकडे गाडी आहे आणि खोकं नाही. खोक्याशिवाय गाडी म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"काही नाही. भाव पडतो."

"गाडी नको? नुसतं खोकं?"

"गाड्या तुम्ही देणार नाही आता. एवढं मलाही कळतं."

त्यांनी आकडा सांगितला. आईने मला हळूच विचारलं, हे नुसत्या खोक्यांचेच म्हणताहेत ना? मग तिच्यातली बाजारात जाणारी बाई जागी झाली.

"एवढ्याला? अस्सल पुठ्ठा म्हणता आणि एवढ्याला?"

"काकू, कसर लागलीये!"

"कसर पट्टीला लागलीये. आणि कसरीलासुद्धा दर्जा कळतो, म्हणून लागलीये."

टिपणीसांनी आकडा वाढवला. आई म्हणाली, कोपरे बघा, एक तरी दबलाय का. त्यांनी आणखी वाढवला. शेवटी रद्दीच्या भावानेही जी गेली नसती ती खोकी नव्या फ्रिजच्या भावाला गेली, आणि वर आईने त्यांना डिंकाचे लाडू बांधून दिले, खोक्यांसाठी जुनी चादर दिली, आणि दारात म्हणाली, "घरी गेल्यावर एक तरी चालवा. बायकोला विचारा आधी. नाहीतर तिने चालवलेलीच असेल."

टिपणीस हसले. मग जिन्यात थांबले. मग न हसता खाली गेले.

आईने पैसे पदराच्या टोकाला बांधले. "अण्णाभावजींना फोन लाव," ती म्हणाली. "सांग त्यांना, तुमच्या भावाचं सोनं रद्दीत निघालं."

"आता घे की खरंच पाटल्या."

"कशाला? चकती फिरवताना मनगटाला खडखडतील."

खोकी गेल्यामुळे इंजिनांना घर उरलं नव्हतं. ती दिवाणावर होती, टीव्हीवर होती, बाबांच्या खुर्चीवर होती. आईने हिरवं इंजिन उचललं, डबे जोडले आणि रूळ दाबून पाहत, सांधे तपासत स्वयंपाकघरात गेली. मी दारातच जमिनीवर बसले. हसून पोट दुखत होतं. मग ते हसणं कुठे संपलं आणि त्याच दमात दुसरं काय सुरू झालं हे मला कळलं नाही. चार महिन्यांत मी रडले नव्हते. कामं होती, माणसं होती, दाखले होते. आता काहीच नव्हतं, आणि ते थांबत नव्हतं.

आईला ऐकू येत होतं. ती जवळ आली नाही. ती ओट्यापाशी पाठमोरी बसली होती, पेटी मांडीवर घेऊन, आणि तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. फक्त चकती फिरल्याचा बारीकसा आवाज झाला.

"सुमे," ती म्हणाली, "पाय काढ. गाडी येतेय."